पुण्याच्या पेठा पायी पाहिलेल्या कोकणकरांनी इथे लिहावे

रत्नागिरीकर
मुलीला यंदा पुण्यात प्रवेश मिळाला. काल रात्री तिने फोनवर विचारले, ‘बाबा, सदाशिव पेठ नक्की कुठे संपते आणि नारायण पेठ कुठे सुरू होते?’ आमच्या वेळी ही हद्द रस्त्यावरून कुणी ओळखतच नसे. कोणती खानावळ कोणत्या बोळात आहे, यावर आमचा सगळा नकाशा चाले. कॉट बेसिसवर जागा शोधत हिंडताना नदीलगतच्या एका वाड्यात मालकांनी आधी भिंतीवर आपल्या खांद्याच्या वर हात टेकवला, 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले तेव्हा पाणी इथपर्यंत चढले होते असे सांगितले आणि त्यानंतरच भाड्याचा आकडा काढला. शिकायला गेलेल्या मंडळींनी कोणती पेठ, कोणती आळी पायाखाली घातली, ते सवडीने लिहावे.

चिपळूणचा
कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे येणारी रात्रीची एस.टी. स्वारगेटला सोडायची तेव्हा उजाडलेले नसायचे, त्यामुळे शहराशी माझी पहिली ओळख टिळक रस्त्यावरच्या बंद दुकानांच्या पाट्यांनी झाली. रविवारी रात्री खानावळ बंद असे आणि खिशात बेताचेच पैसे असत, म्हणून आम्ही देवळांची नावे गोळा करत भटकत असू. सोट्या म्हसोबा, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर ही नावे ऐकून घरी आईला वाटले, पोरगा काहीतरी रचून सांगतो आहे. त्यांत उपाशी विठोबा आम्हाला सर्वांत जवळचा वाटे, याचे कारण वर आलेच आहे.

हर्णै बंदर
खानावळीचे खाडे धरून वाचवलेल्या पैशांचे काय केले, ते चिपळूणच्या भाऊंनी सांगितले नाही. आम्ही त्या पैशांत गणेश पेठेतला मासळी बाजार गाठत असू. सदाशिव पेठेतल्या खोलीत एकदा सुकट भाजली आणि पाचव्या मिनिटाला दारावर थाप पडली, एवढेच सांगून थांबतो.

देवरुखवाला
पेठा म्हटल्या की सगळे सदाशिव-नारायणातच घुटमळतात, हे मला पटत नाही. जुने पुणे पाहायचे तर कसब्यात शिरावे. तिथल्या तांबट आळीत सकाळी गेलात तर आळी दिसण्याआधी ठोक्यांचा आवाज येतो. पेशव्यांच्या काळात कोकणातून तिकडे गेलेल्या त्वष्टा कासारांची ती वस्ती असल्याने, गाव विचारल्यावर पुढची विचारपूस लांबायची. एका आजोबांनी मला मठारकाम दाखवले: बंबाच्या पत्र्यावर हातोडीचा ठोका ठोक्याशेजारी बसवत जायचे, पत्रा हळूहळू फिरवायचा आणि दोन ठोक्यांमध्ये कोरी जागा राहू द्यायची नाही. पत्र्याला चकाकीही त्यानेच येते आणि बळकटीही. तिथून नागझरीच्या बाजूला सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती आहे. अठराव्या शतकातल्या त्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याला धरणारे गोरे शिपाई कोरलेले आहेत. देवळावर गेंडा कशासाठी, यावर आमच्या खोलीत पुष्कळ वाद झाले आणि एकाही वादाचा निकाल लागला नाही.

गुहागरची सून
मी स्थापत्य शिकायला गेले आणि वर्गापेक्षा कात्रजच्या नळाने मला जास्त शिकवले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1749 च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले गेले. ते जमिनीखालच्या बांधीव नळातून केवळ उताराच्या जोरावर वाहत शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पोचे. मधूनमधून उभारलेले दगडी उच्छ्वास नळात कोंडलेली हवा बाहेर सोडत आणि गाळ काढायलाही उपयोगी पडत. मैत्रिणी लक्ष्मी रस्त्यावर साड्या पाहत असताना मी उच्छ्वास शोधत फिरे. सासरी ही गोष्ट अजून चेष्टेने सांगितली जाते.

मालवणहून
वर विद्यापीठाचा उल्लेखच आला नाही, म्हणून लिहितो. विद्यापीठ 1949 चे असले तरी शिक्षणाची पेठ त्याहून जुनी आहे. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. आमच्या मालवणात जन्मलेल्या रा. गो. भांडारकरांच्या नावाची संस्था 1917 पासून उभी आहे. मी मात्र दुपारभर वाचायचे असे ठरवून तिकडे निघे आणि बहुतेक वेळा हनुमान टेकडीवर पोचे.

दापोलीची लेक
पुरुषमंडळींना रात्री हिंडता आले, आमच्या वसतिगृहाचे दार मात्र संध्याकाळी बंद होत असे, त्यामुळे परतीच्या वेळेत बसेल एवढेच पुणे आमचे होते. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी 1900 मध्ये हिंगण्याच्या माळावर जी झोपडी बांधली, ती पाहायला मी आवर्जून गेले. त्या काळी गावापासून एवढ्या लांब मुली कशा राहिल्या असतील, हे तिथे उभे राहिल्यावर अधिकच उमगले. रत्नागिरीकर दादा, लेकीला सांगा की अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके घेताना समासातल्या पेन्सिलीच्या खुणा तपासून घ्याव्यात. हुशार मुलाचे पुस्तक मिळाले तर शिकवणीचे पैसे वाचतात.

रत्नागिरीकर
ताई, निरोप दिला. तिचे म्हणणे असे की पुस्तके फोनवर मिळतात, पण उपाशी विठोबा नेमका कुठे आहे ते चिपळूणच्या काकांना विचारून ठेवा, कारण तिच्याही खानावळीला रविवारी रात्री सुट्टी असते.