मदत हवी आहे: नेरळ ते बदलापूर, उल्हास नदीतून पॅकराफ्टने

आम्ही दोघं ठाण्याचे. दोघांकडे एकेक पॅकराफ्ट (हवा भरून वापरायची छोटी बोट) आहे, अडीच-तीन किलोची, घडी करून सॅकमध्ये मावते. बेत असा: सकाळच्या कर्जत लोकलने नेरळ, काठापर्यंत चालत, मग नदीतून बदलापूरच्या अलीकडे उतरायचं आणि लोकलनेच परत. गाडी नाही, त्यामुळे रेल्वे नदीच्या जवळून जाते हीच मोठी सोय.

पावसाळ्यात जाणार नाही, हे आधीच सांगतो. जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस याच नदीच्या पुरात अडकली होती. डिसेंबरचा विचार आहे. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी उल्हासमध्ये येतं, म्हणून तेव्हाही तळ अगदी उघडा पडत नसावा.

अडचण बंधाऱ्यांची. उपग्रह नकाशावर पांढऱ्या रेघा दिसतात, उंची कळत नाही. बंधाऱ्याखाली पाणी उलटं फिरतं आणि बोट तिथेच धरून ठेवतं, त्यामुळे वरून उडी मारायचा प्रश्नच नाही; आधीच काठाला लागून बोट उचलून न्यायची. वांगणीला एक रविवार काठाने फिरलो, पण झाडोऱ्यामुळे फार पुढे जाता आलं नाही. मासे धरणाऱ्या एका काकांना विचारलं, तर म्हणाले, "पाणी कधी वाढेल त्याचा नेम नाही."

दोघांनाही पोहता येतं, लाइफ जॅकेट, हेल्मेट आहे. कोलाडला राफ्टिंग केलंय, पण तिथे गाइड होता.

नेरळ-बदलापूर टप्प्यात बंधारे नेमके कुठे आहेत, कुठल्या काठाने बोट उचलून नेता येते, आणि पाणी साधारण किती वाजता वाढतं?