सल्ला हवा आहे: शाळांच्या आस्थापना विभागासाठी आधी काय शिकावे?

नवी_जबाबदारी: आमच्या संस्थेच्या 5 अनुदानित शाळांचा आस्थापना विभाग, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, पगार आणि सेवानोंदींचे काम, येत्या जूनपासून माझ्याकडे येत आहे. आजवर मी केवळ गणित शिकवले. रोज दीड तास आणि फार तर 4,000 रुपये देऊ शकते. कोणते कौशल्य आधी आत्मसात करावे?

निवृत्त_मुख्यलिपिक: ताई, 1977 चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि 1981 ची नियमावली आधी वाचा. आमच्याकडे पर्यवेक्षक नेमताना ज्येष्ठतेसाठी केवळ रुजू झाल्याची तारीख पाहिली गेली, प्रशिक्षित पात्रता कधी मिळाली हे कोणी तपासले नाही आणि प्रकरण शाळा न्यायाधिकरणापर्यंत गेले.

पुण्याचा_एचआर: मी 70,000 रुपये भरून मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदविका केली. मुलाखतीचे तंत्र तिथेच शिकलो. आपणही ती अवश्य करावी.

निवृत्त_मुख्यलिपिक: अनुदानित शाळांची शिक्षकभरती पवित्र पोर्टल या शासनाच्या ऑनलाइन भरती प्रणालीमार्फत होते. बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे याची नोंदवही, तपासून प्रमाणित झालेली नसेल, तर जाहिरातीपर्यंतही पोहोचता येत नाही. मुलाखत फार पुढची गोष्ट.

शालार्थवाला: अधिनियम वाचावाच, पण सेवापुस्तके, म्हणजे प्रत्येकाच्या नोकरीच्या नोंदवह्या, आधी उघडा. आमच्या एका शिपाईमामांच्या सेवापुस्तकात दोन वर्षांच्या सेवा पडताळणीखाली सहीच नव्हती. ते निवृत्त झाल्यावर लक्षात आले आणि निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव आठ महिने अडकला. शालार्थ प्रणालीत पगारबिल भरणे महिनाभरात जमते.

मुख्याध्यापिका_कोकण: नियम वाचून येतात, माणसे ऐकून घेण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, ज्यांची पाच वर्षांपेक्षा अधिक सेवा उरली आहे असे शिक्षक पात्रता परीक्षेच्या धास्तीने माझ्या खोलीत येऊन बसत; त्यांना ती उत्तीर्ण होण्याची दोन वर्षांची मुदत, उरलेली सेवा आणि पुढची पायरी कागदावर मांडून दाखवली, तेव्हाच ते शांतपणे वर्गावर गेले. शिवाय दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती लागते, तीही पाहून घ्या.

नवी_जबाबदारी: सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी मात्र कार्यालयीन टिप्पणी आणि पत्रलेखनापासून सुरुवात करणार आहे. गेल्याच आठवड्यात वैयक्तिक मान्यतेचा, म्हणजे एका शिक्षिकेच्या नेमणुकीला शिक्षण विभागाची मंजुरी मागणारा, आमचा एक प्रस्ताव, पत्रात संस्थेच्या ठरावाचा क्रमांक नसल्याने, त्रुटी लावून परत आला आणि त्या तरुण शिक्षिकेचा पगार लांबला. आमचे लिपिक मे महिन्यात निवृत्त होत आहेत. तोपर्यंत रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून जुन्या प्रस्तावांच्या स्थळप्रती (कार्यालयात ठेवलेल्या प्रती) हाताने उतरवून काढीन.