मदत हवी आहे: टी-रेग पेशींना थांबायचं कधी ते कसं कळतं?

नमस्कार मंडळी. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं, तेव्हापासून मुलं नियामक टी पेशींबद्दल (टी-रेग, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी) खूप विचारतात. फार छान वाटतं, पण एका प्रश्नावर माझं अडलंय.

साकागुचींचा 1995 चा प्रयोग मुलांना पटतो. टी पेशी नसलेल्या उंदरांना सीडी25 (पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन) नसलेल्या टी पेशी दिल्या, तर त्यांच्या शरीरात स्वतःच्याच अवयवांवर हल्ला सुरू होतो. सोबत सीडी25 असलेल्या पेशी, म्हणजे टी-रेग, दिल्या तर तो टळतो. टी-रेग घडवणारं फॉक्सपी3 जनुक बिघडलं की लहान मुलग्यांना आयपेक्स हा स्वतःच्याच शरीरावर हल्ला होणारा गंभीर आजार होतो, हेही कळतं. (जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून मुलगे.)

आता अडचण. टी-रेग पेशी आजूबाजूचं आयएल-2 (टी पेशींना वाढायला लागणारा संकेत-रेणू) शोषून घेतात, सीटीएलए-4 हे स्वतःवरचं प्रथिन वापरून डेंड्रायटिक पेशींवरचे (या टी पेशींना जागं करतात) चेतावणारे रेणू काढून टाकतात, आयएल-10 हा दाह शमवणारा संकेत-रेणू सोडतात. मग खरा जंतुसंसर्ग झाल्यावर त्या प्रतिकार दाबून का टाकत नाहीत? आयएल-6 सारख्या दाहक संकेतांमुळे त्यांचा जोर तात्पुरता कमी पडतो, असं वाचलंय. तेवढंच कारण पुरेसं आहे का? आणि स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला होणाऱ्या संधिवातात नेमकं काय बिघडतं: टी-रेग पेशींची संख्या, की त्यांचं काम?

इम्युनॉलॉजीत काम करणाऱ्या कुणी बारावीच्या मुलांना झेपेल असं समजावून सांगाल का? फळ्यावर काढता येईल अशी आकृती सुचवलीत तर फारच उपकार होतील.