काळ्या मातीतलं जुनं घर, भिंतीला तिरपी भेग: गृहकर्ज कसं काढायचं?

खारपाण
नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यात घर घ्यायचं चाललं आहे. बांधकाम १९८७ चं, नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब. कॉलम नाहीत, जोत्याला बीम नाही, पाया साडेचार फूट आणि त्याखालीही काळीच माती. सौदा १८ लाखांत ठरतो आहे. ईशान्येच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरपी भेग गेली आहे, वर ४ मिमी आणि खाली येता येता केसाएवढी. मालक म्हणतात, कित्येक वर्षांपासून तेवढीच आहे. त्याच कोपऱ्याला न्हाणीचं पाणी सुटतं, दहा फुटांवर कडुनिंब आहे. व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा बँकेचा माणूस) यायच्या आधी पुट्टी-रंग मारून देतो असंही ते म्हणतात. घर गावठाणात आहे. कागद दोनच, नमुना ८ आणि २००४ चं नोंदणीकृत खरेदीखत. बँक कर्ज देईल का? आधी काय करून घ्यावं?

ओळंबा
भाऊ, सगळ्यात आधी ती पुट्टी थांबवा. तालुक्यात फिरणारा व्हॅल्युअर अशीच घरं बघत असतो. चार भिंती जुन्या आणि एकच ताजी रंगवलेली दिसली की त्याला काय ते कळतं, आणि मग अहवालात तो वाईटात वाईट धरून लिहितो. शिवाय उन्हाळ्यात तीच भेग रंगातून परत वर येणार, तेव्हा कर्ज तुमच्या नावावर असेल.

भेगा तर या पट्ट्यात घरोघरी आहेत. फाइल अडते ती दोन प्रश्नांवर: भेग कशामुळे पडली, आणि ती अजून वाढते आहे का. याचं लेखी उत्तर फाइलला लागलं पाहिजे.

तुमच्या वर्णनावरून कारण बरंचसं उघड आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर भागातली पूर्णाकाठची माती खोल आणि चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराच्या मधोमध जमिनीतली ओल टिकून राहते, कडेची उडून जाते, म्हणून उन्हाळ्यात कोपरे खाली उतरतात आणि भेग वर रुंद, खाली बारीक होते. त्यात तुमच्या कोपऱ्यात न्हाणी पाणी देते आणि कडुनिंब ओढून घेतो. एकाच पायाखाली कुठे ओल, कुठे कोरडं.

आता भेगेच्या आत टॉर्च मारून बघा. जुनी असेल तर आत धूळ, काजळी, आधीच्या रंगाचे थर दिसतील आणि कडा बोथट असतील. कडा धारदार आणि आतली वीट लालभडक, स्वच्छ असेल तर ती अलीकडे उघडली आहे. पूर्वी कधी सिमेंट भरलं असेल आणि त्याच रेषेत ते पुन्हा फाटलं असेल, तर हालचाल थांबलेली नाही.

मोजमाप असं करा. भेगेच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टर विटेपर्यंत खरवडा. प्लास्टर सुटलेलं असलं की त्यावरचं माप खोटं येतं. मग त्रिकोणात तीन स्क्रू बसवा, दोन एका बाजूला, एक पलीकडे. डिजिटल व्हर्नियरने तिन्ही अंतरं घ्या, म्हणजे भेग नुसती उघडते की भिंत सरकतेही आहे हे कळतं. सोबत प्रयोगशाळेतली काचपट्टी (७५ × २५ मिमी) दोन्ही टोकांना अराल्डाइटने चिकटवून तारीख टाका. काच फुटली तर हालचाल झाली एवढंच सांगते, किती झाली ते स्क्रूच सांगतात. माप नेहमी सकाळी एकाच वेळी घ्या. एक माप मृगाआधी आणि एक सप्टेंबरअखेर, हे किमान. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटणारी, पण पुढच्या उन्हाळ्यात पहिल्याच मापावर थांबणारी भेग हंगामी. दरवर्षी थोडी जास्त उघडत असेल तर पाया बसतो आहे.

पाण्याच्या नळीने जोत्याची लेव्हल चारही कोपऱ्यांना तपासा. ९ मीटरच्या भिंतीत ३० मिमीचा, म्हणजे १/३०० चा फरक आला तर भेगा पडणारच. फरक ६० मिमीकडे गेला तर मामला रचनेचा झाला, मग या घराचा नाद सोडा. ओळंब्याने भिंतीचा कलही बघा.

आणि खालच्या दोन-तीन फुटांत प्लास्टर फुगून पडत असेल तर तो खारपाणपट्ट्यातला लोणा, म्हणजे भिंतीत चढलेला क्षार. त्याचा भेगेशी संबंध नाही. इंजिनिअरला ते वेगळं लिहायला सांगा, नाहीतर सगळंच 'खराब बांधकाम' म्हणून एका ओळीत जातं.

फेरफार
बँकेच्या बाजूचं मी लिहितो.

स्ट्रक्चरल अहवाल कोणाचा चालतो हे शाखेत आधी विचारा. बँकेच्या पॅनेलबाहेरच्या (यादीत नसलेल्या) इंजिनिअरला पैसे दिले की ते बहुतेक वायाच जातात. व्हीएनआयटी नागपूर किंवा अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अहवालाला वजन असतं, पण तोही चालेल का हे शाखेकडून ईमेलवर घ्या. अहवालात पाच गोष्टी हव्यात: भेगेचं कारण, तारखेनिशी रुंदी, वाढती आहे की नाही, दुरुस्तीचं बाबवार अंदाजपत्रक, आणि इमारतीचं उर्वरित आयुष्य वर्षांत. 'इमारत सुस्थितीत वाटते' असल्या वाक्यावर फाइल परत येते. उर्वरित आयुष्य महत्त्वाचं अशासाठी की बऱ्याच बँका कर्जाच्या मुदतीपेक्षा ते किमान ५ वर्षं जास्त मागतात. २० वर्षं लिहिलं तर कर्ज १५ वर्षांचं.

रकमेत फसू नका. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ९० टक्के आहे, पण ती कमाल. शिवाय बँक करारातली किंमत आणि मूल्यांकन यात जे कमी असेल ते धरते. समजा व्हॅल्युअरने जागा ८ लाख आणि घसारा वजा जाता बांधकाम ६ लाख धरलं, तर हिशेब १४ वरच होणार. ९० टक्क्यांनी १२.६० लाख, आणि जुन्या लोडबेअरिंग (कॉलमशिवाय, भिंतींवरच उभ्या) घराला ८० टक्के लावले तर ११.२० लाख. १८ च्या सौद्यात ६.८० लाख घरून घालावे लागतील. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दुरुस्ती त्याच्यावर.

कागदांची बाजू मला भेगेपेक्षा कच्ची वाटते. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत (एप्रिल २०२० पासून) ड्रोन मोजणी झालेल्या गावठाणांना मालमत्ता पत्रक मिळतं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. पत्रकावर विकणाऱ्याचंच नाव हवं, आणि क्षेत्र व चतुःसीमा खरेदीखताशी जुळायला हव्यात. वकिलाचा शोध अहवाल साधारण ३० वर्षांचा लागतो, तुमचं खत २००४ चं. त्याआधीच्या मालकाकडे घर कसं आलं, खरेदीने की वारसाने, तो दुवा काढावा लागेल. सरसाईवर (CERSAI, गहाणांची केंद्रीय नोंदणी) आधीचं गहाणही तपासा. पतसंस्थेचं फिटलेलं पण न उतरवलेलं कर्ज तिथे हमखास सापडतं.

वणीकडचा
एक भर घालतो. हे सगळं काळ्या मातीपुरतं. वणी, राजुरा, उमरेड या कोळसा पट्ट्यात अशीच भेग ब्लास्टिंगमुळे किंवा जुन्या भूमिगत खाणीवरची जमीन खचल्यानेही येते. तिथे आधी १९५७ च्या कोल बेअरिंग एरियाज कायद्याखाली त्या गटाची अधिसूचना निघाली आहे का ते पाहा. निघाली असेल तर बँक दारातूनच परत पाठवते.

खारपाण
फार उपयोगी माहिती. दोन शंका. कडुनिंब तोडून टाकू का? आणि दुरुस्ती कर्ज मिळण्याआधी करावी की नंतर?

ओळंबा
तोडायची घाई नको. झाड घराआधीचं असेल तर तोडल्यावर त्याने ओढलेली ओल परत येते, माती पुढची काही वर्षं फुगत राहते आणि भेग उलट्या बाजूने उघडते. झाड घरानंतरचं असेल तर हा धोका कमी. तरीही आधी फांद्या हलक्या करा.

पाण्याचा बंदोबस्त मात्र लगेच. न्हाणीचं आणि छताचं पाणी पीव्हीसी पाइपाने घरापासून निदान ३ मीटर लांब न्या. शोषखड्डा भिंतीजवळ नको. मग घराभोवती दीड ते दोन मीटर रुंद अॅप्रन: दीड फूट काळी माती काढून मुरूम १५० मिमीच्या थरांत ठोकून भरा, त्यावर जाड प्लास्टिक, त्यावर ७५ ते १०० मिमी काँक्रीट, उतार बाहेरच्या बाजूला. भिंत आणि अॅप्रनच्या सांध्यात डांबर भरा, कारण काँक्रीट भिंतीला घट्ट जोडलं तर तेही फाटतं. मुरमाच्या जागी रेती किंवा गिट्टी भरू नका. तिच्यात पाणी साठतं आणि थेट पायाखालच्या मातीला मिळतं.

भेग भरायची ती अॅप्रननंतर एक पावसाळा जाऊ देऊन. सिमेंट, चुना, रेती १:१:६ असा नरम मसाला वापरा. कडक सिमेंट भरलं की त्याच्या शेजारी नवी भेग पडते. खोल भागात दर पाच-सहा थरांआड भेग शिवणारे आडवे काँक्रीटचे टाके घाला. इपॉक्सी स्लॅब-बीमच्या भेगांसाठी, हलत्या विटांच्या भिंतीसाठी नाही. रिबाउंड हॅमरचा अहवाल कोणी विकू लागला तर तोही नको, ती चाचणी काँक्रीटची आहे.

फेरफार
दुसऱ्या शंकेचं. पाइप आणि अॅप्रन मालकाकडून सौद्यातच करून घ्या, किंवा तेवढी किंमत पाडा. भेगेच्या दुरुस्तीसाठी खरेदी अधिक दुरुस्ती असं एकत्र कर्ज मागा. दुरुस्तीचा हप्ता बँक काम झाल्यावर इंजिनिअरच्या दाखल्यावर सोडते. राष्ट्रीयीकृत बँकेने नाही म्हटलं तर गृहवित्त कंपनी देऊ शकते, व्याज जास्त. पण कर्ज फ्लोटिंग दराचंच घ्या. त्यावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे दुरुस्ती आणि दोन हंगामांची मापं हातात आली की कर्ज बँकेकडे वळवता (टेकओव्हर) येतं.

विम्यात भारत गृह रक्षा पॉलिसी जमीन खचण्याला संरक्षण देते, पण सदोष बांधकाम आणि भरावाची जमीन बसणं त्यात येत नाही. ही जुनी भेग तिच्या भरवशावर सोडू नका.

आणि इसार देण्याआधी इसारपत्रात हे लिहून घ्या: 'बँकेने मूल्यांकन, इमारतीची स्थिती किंवा मालकी हक्क यांपैकी कोणत्याही कारणाने कर्ज नाकारल्यास इसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करण्यात येईल.' सौदा पुरा करायची मुदत किमान ९० दिवसांची ठेवा, कारण भूमी अभिलेखातली नावाची दुरुस्ती महिन्याभरात होत नाही. इसार चेकनेच द्या, आणि मालक या अटीवर सही करायला तयार नसेल तर एक रुपयाही देऊ नका.