यॉटवरून पाहिलेलं एकच ग्रीक बेट : तुमचे अनुभव सांगा

ग्रीसला जाऊन आलेले आपल्यात पुष्कळ आहेत. अथेन्स, सँतोरिनी, मिकोनोस, प्रत्येक ठिकाणी दोन रात्री. पण छोट्या सुट्टीत यॉट घेऊन एखादंच बेट समुद्राकडून पाहिलेल्यांचं मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हे आमंत्रण. कुठलं बेट, कुठला महिना, वारा कसा होता, बोट कुणाला लागली, जेवणाचं काय केलंत, जसं आठवेल तसं लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही चौघं सप्टेंबरअखेर चार दिवस मिलोसला होतो. अकरा मीटरची शिडाची यॉट आणि सोबत स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, कारण आमच्यापैकी कुणाकडेच परवाना नव्हता. ग्रीसमध्ये नुसती यॉट भाड्याने घ्यायची तर एकाकडे परवाना लागतो आणि दुसरा माणूसही बोटीचं काम जाणणारा असावा लागतो. मी घरून यादी करून नेली होती: साराकिनिको, क्लिमा, क्लेफ्तिको, पोलिएगोस. स्किपरने ती नीट वाचली, मग वाऱ्याचा अंदाज उघडून दाखवला. उद्या उत्तरेचा वारा, साराकिनिको उत्तरेला उघडं, तिथे थांबता येणार नाही, आपण दक्षिणेला जाऊ.

दक्षिणेला म्हणजे क्लेफ्तिकोला. मिलोस मुळात ज्वालामुखीच, घोड्याच्या नालेसारखं, आणि नालेच्या आतल्या खाडीत आदामास बंदर. क्लेफ्तिकोला गाडीरस्ता नाही. पांढऱ्या खडकाच्या कमानी आणि गुहा थेट पाण्यातून उभ्या आहेत. ग्रीकमध्ये क्लेफ्तिस म्हणजे चोर, चाचे इथे लपून बसत म्हणून हे नाव. संध्याकाळी सहलीच्या बोटी परतल्या आणि आमच्यासकट तीनच यॉटी उरल्या. पाणी इतकं नितळ की खाली पडलेला नांगर वरून दिसत होता. तरी स्किपर मास्क लावून खाली गेला. नांगर वाळूत रुतलाय की पोसिडोनियाच्या गवतात अडकलाय हे त्याला स्वतः बघायचं होतं. हे गवत म्हणजे समुद्राखालचं कुरण, नांगराने उपटलं की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. गडद डाग दिसला की नांगर टाकायचा नाही, फिकट निळं दिसेल तिथे वाळू. पुढचे सगळे दिवस आम्ही चौघंही पाण्याकडे याच नजरेने बघत होतो.

साराकिनिको शेवटी टॅक्सीने पाहिलं. क्लिमा मात्र समुद्राकडूनच पाहा. खाली होडी आणि वर माणसं राहतील अशी कोळ्यांची घरं, सिर्माता म्हणतात त्यांना. त्यांचे लाल, निळे, पिवळे दरवाजे पाण्याकडेच उघडतात.

आता तुम्ही लिहा.

• लंडनहून

आम्ही मे महिन्याच्या शेवटी, मुलांना आठवड्याची सुट्टी होती तेव्हा गेलो. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. पहिलीच वेळ असेल आणि घरात म्हातारी माणसं असतील तर ग्रीसच्या पूर्वेचा एजियन नको, पश्चिमेच्या आयोनियन समुद्रात जा. आम्ही लेफकादाहून निघालो. मेगानिसी आणि इथाका, बस. लेफकादा पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं आहे, त्यामुळे विमानतळावरून थेट टॅक्सीने धक्क्यावर पोचता येतं.

तिथला वारा आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या खाऱ्या वाऱ्यांसारखा वागतो. सकाळी पाणी तेलासारखं सपाट, दुपारी वायव्येकडून वारा सुटतो, सूर्य मावळला की पडतो. सकाळी पोहणं, दुपारी शिडं, संध्याकाळी गाव, असा दिवस आपोआप लागत गेला.

इथाकाच्या किओनी गावात शिरताना तोंडाशी तीन पडक्या पवनचक्क्या लागतात. तिथे बोट लावण्याची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली आणि आजही डोळ्यांसमोर आहे. धक्क्यापासून बरंच दूर नांगर सोडायचा, साखळी खडखडत पाण्यात जात राहते आणि बोट उलटी, पाठीमागून धक्क्याकडे येते. हातभर अंतर राहिलं की मागचे दोन दोर धक्क्यावर फेकायचे. शेजारच्या बोटीवरची अनोळखी माणसं जेवण सोडून उठली आणि त्यांनी आमचे दोर धरले. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी अगदी किरकोळ असते, म्हणून बोट अशी दगडी धक्क्याला रात्रभर बांधून ठेवता येते. मुंबईच्या भरतीत हे जमणारच नाही.

स्वयंपाक मी बोटीवरच करत होते. शेगडी पाळण्यासारखी टांगलेली, बोट कलली तरी पातेलं सपाट राहतं. पहिल्या रात्री मुगाची खिचडी. सासरे म्हणाले, इतकी चांगली खिचडी बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती.

• मूळ हर्णैचा, सध्या नवी मुंबई

घरची मासेमारीची होडी, नंतर मी व्यापारी जहाजांवर गेलो. पिरेअस बंदर खूपदा पाहिलं, पण बेटांवर फिरायला गेलो ते धाकटा भाऊ आणि वहिनीसोबत, ऑगस्टमध्ये, पारोसला. तारखा भावाच्या रजेवर ठरल्या. मी ठरवत असतो तर ऑगस्ट घेतला नसता.

कारण मेल्टेमी. उन्हाळ्यात बाल्कनकडे हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी, त्यामुळे एजियनमध्ये उत्तरेचा वारा दिवसेंदिवस सुटलेला असतो. तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आपल्या मान्सूनच्याच कमी दाबाच्या पट्ट्याचं पश्चिम टोक. हर्णैला होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, त्याच महिन्यांत तिकडे हा वारा. फरक एवढाच की तिथे ढग नाही, पाऊस नाही, लखलखीत ऊन असतं. नवख्या माणसाला आभाळाकडे बघून काही कळत नाही. पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले की समजायचं.

आमच्या पाच दिवसांत अंदाज ७ बोफोर्टचा (वाऱ्याच्या जोराचं माप) आला आणि आम्ही पारोसवरच्या नाउसाच्या धक्क्यावर दोन दिवस बांधलेले राहिलो. भाऊ नाराज होता, पैसे भरलेत म्हणून. मी त्याला एकच सांगितलं, तांडेल नाही म्हणाला की नाही, बापाने आपल्याला दुसरं काय शिकवलं? रात्रभर डोलकाठ्यांवर दोर आपटत होते. त्यातला एक दिवस १५ ऑगस्टचा निघाला. तो तिकडे मरियममातेचा मोठा सण. बसने पारिकियाला गेलो, तिथल्या शंभर दारांच्या जुन्या देवळातून मिरवणूक निघाली. पुढे पालखीसारखं काहीतरी सजवलेलं, मागे सगळं गाव. वहिनीने हात जोडले. त्या प्रवासातलं मला सगळ्यात जवळचं तेच वाटतं.

जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर धरा.

• पुण्याहून, शाकाहारी

ग्रीसमध्ये शाकाहारी जेवणाची काळजी करू नका. लादेरा हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या: फरसबी, वांगी-बटाट्याचं ब्रियाम. भात भरलेले टोमॅटोही मिळतात, फक्त खिमा नाही ना ते विचारून घ्या. पिवळ्या डाळीचा फावा आपल्या घट्ट वरणाजवळ जातो, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. उपवासाचं आहे का असं विचारायचं तर निस्तिसिमो म्हणा. त्यात मांस, दूध, अंडं नसतं, पण कालवं-कोळंबी चालते, तेवढं स्पष्ट विचारा.

• पणजीहून

ज्या गोव्यात बांधलेल्या म्हादेई बोटीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्याच गोव्यात, मांडवी नदीत, मी शिडं शिकलो. त्यामुळे परवाना काढून मित्रांसोबत स्वतः यॉट चालवायची हे बरेच दिवस मनात होतं. अथेन्सच्या आलिमोस मरीनातून पोरोस आणि हायड्रा, चार दिवस.

हायड्रावर गाड्या नाहीत. सामान खेचरांवरून जातं, पहाटे दगडी फरशीवर त्यांच्या टापा ऐकू येतात. पण बंदर इवलंसं आणि बोटी एकापुढे एक लागतात, त्यामुळे तळाशी साखळ्यांची जाळी होते. सकाळी निघताना आमच्या नांगराने दुसऱ्याची साखळी उचलून आणली. इंजिनाचा जोर लावायचा मोह होतो, तो आवरा. त्या साखळीखालून एक दोर घालून दोन्ही टोकं आपल्या बोटीवर बांधली, मग आपला नांगर थोडा खाली सोडला, तो मोकळा झाला, तेव्हा दोराचं एक टोक सोडून दिलं. वीस मिनिटं गेली, कुणी ओरडलं नाही.

एक तक्रार आहे. परत देताना कंपनीने बोटीच्या बाजूवरचा एक जुना ओरखडा आमच्या नावावर टाकला आणि अनामत रकमेतून ४०० युरो कापले. बोट ताब्यात घेतानाच पाण्यापर्यंतच्या सगळ्या बाजूंचा व्हिडिओ काढा. आम्ही काढला नव्हता आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

• ठाण्याहून

सँतोरिनीला फक्त अर्ध्या दिवसाची कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) घेतली. तिथे कडे सरळ खाली जातात आणि आतला समुद्र शेकडो मीटर खोल, नांगर टाकायला तळच लागत नाही. सूर्यास्त सुंदर. एवढंच.

• म्युनिकहून, माहेर रत्नागिरी

झाकिंथोस, सप्टेंबर, तीन दिवस. सगळ्यांना नावायोचा किनारा हवा असतो, १९८० मध्ये तिथे फुटलेलं जहाज वाळूत पडलंय. दरड कोसळण्याच्या भीतीने तिथे उतरायला बंदी आहे, आम्ही लांबूनच पाहिलं. मी गेले होते ते लागानासच्या उपसागरासाठी. तिथे लॉगरहेड कासवं अंडी घालतात. हंगामात उपसागराच्या एका भागात बोटींना पूर्ण मज्जाव, उरलेल्यात ६ नॉटच्या (ताशी साधारण ११ किमी) वर वेग नाही.

लहानपणापासून मी वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना पाहत आलेय. पण पाण्यातलं मोठं कासव कधीच पाहिलं नव्हतं. स्किपरने इंजिन बंद केलं आणि हाताने खूण केली. आधी तपकिरी पाठ, तिच्यावर शेवाळ आणि चिकटलेले शिंपले. मग डोकं वर आलं, श्वास घेतल्याचा फुसकन आवाज झाला, आणि ती शांतपणे बोटीखालून पलीकडे गेली. माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरला होता.

• नाशिकहून

लंडनच्या ताई, एक विचारायचं आहे. माझी आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात. बोटीवरून धक्क्यावर फळीवरून उतरावं लागतं म्हणे. तुमच्या सासूबाईंनी कसं केलं?

• लंडनहून

फळी फूट-दीड फूट रुंद असते आणि बोटीबरोबर हलते. सासूबाईंना पहिल्या दिवशी जमलं नाही, त्या बोटीवरच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी स्किपरने दोर आवळून बोट धक्क्याच्या अगदी जवळ आणली आणि फळीच्या दोन्ही बाजूंनी कमरेच्या उंचीवर दोर ताणून बांधले. सासूबाईंनी चपला काढून हातात घेतल्या, पदर खोचला, पलीकडून सासऱ्यांनी हात पुढे केला. चार पावलं. नंतर रोज त्याच सगळ्यांच्या आधी उतरायच्या. यॉट ठरवताना कंपनीला आधीच सांगा की फळी रुंद हवी आणि कठड्याचे दोर हवेत.