मदत हवी आहे: बायकोच्या बोटाने बँकेचं ॲपपण उघडतंय

मंडळी, मी गाडी चालवत असताना बायकोला माझा फोन उघडता यावा म्हणून तिचं फिंगरप्रिंट ॲड केलं होतं, अँड्रॉइड आहे, तर काल सहज तिने अंगठा टेकवला आणि बँकेचं ॲपसुद्धा फटकन उघडलं! तिचं बोट टाकल्यावर ॲपने एकदा पिन मागितला होता म्हणा, मी न बघताच देऊन टाकला. विश्वासाचा प्रश्न नाहीये हो, पण आता आईचंही बोट टाकायचंय, आणि तिच्याकडून चुकून पेमेंट झालं तर? फोनच्या लेखी सेव्ह केलेलं प्रत्येक बोट मालकाचंच. वेगळं युजर प्रोफाइल केलं तर त्यात माझे फोटो-मेसेज दिसणार नाहीत, मग उपयोग काय. बँकेच्या ॲपमधलं बायोमेट्रिक बंद करून नुसता पिन ठेवणं हाच उपाय का? कुणी केलंय का असं?