मदत हवी आहे: धावणाऱ्या पुरुषांनी पायांवरील केस काढावेत का?

मी अर्धमॅरेथॉनची तयारी करीत असून, पोटरीवर लावलेली काइनेसिओलॉजी टेप (स्नायूंना आधार म्हणून त्वचेवर चिकटवायची लवचिक पट्टी) दर वेळी केसांसकट निघते, म्हणून पायांवरील केस काढावेत असे वाटू लागले आहे. सायकलपटू जखम स्वच्छ करणे व मालिश सोपे जावे म्हणून हे करतात. मात्र हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, ताशी 40 किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराला केस काढल्याने हवेचा रोध कमी होऊन होणारा लाभ ताशी 10 किलोमीटरने धावणाऱ्या (घरच्यांच्या मते रमतगमत चालणाऱ्या) मला जाणवणार नाही, हे उघड आहे. एकदा गुडघ्यामागे वस्तरा फिरवला, तेव्हा केस कातडीतच वाढून लाल पुटकुळ्या आल्या आणि घामाने चुरचुर झाली. टेपसाठी ट्रिमरने केस बारीक करणे पुरेसे ठरते का, आणि ते स्पर्धेच्या किती दिवस आधी करावे, हे अनुभवी धावपटूंनी कृपया सांगावे.